खून दुसऱ्या पानावर आला तरी चालेल, आधी चित्र उलटं करा

पत्र: ताई नमस्कार. मी सांगलीची, वय ४१, बँकेत नोकरी. बाबा हायस्कूलमध्ये ड्रॉइंग टीचर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात आयुष्य गेलं त्यांचं. गेली चार वर्षं रात्री जागून मी एक रहस्यकादंबरी लिहिलीय, पहिलीच. मुंबईतली एक बडी आर्ट गॅलरी, प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या रात्री मालकाचा खून, आणि भिंतीवरचं चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र नकली निघतं. तपास करतो रिटायर्ड इन्स्पेक्टर. एका प्रकाशकांनी वाचून सांगितलं की चित्रकलेची माहिती निम्मी कापा आणि खून पहिल्या पानावर आणा. मैत्रीण म्हणते माहितीच तर मस्त आहे. मी आयुष्यात एकही लिलाव बघितलेला नाही, त्या जगातलं कुणी ओळखीचं नाही. मी हे लिहायलाच नको होतं का? आणि खऱ्या चित्रकाराचं नाव वापरलेलं चालतं का? पहिली तीस पानं सोबत पाठवतेय. ता. क. बाबांची अकरा जलरंग चित्रं घरात आहेत, फ्रेम केलेली, ते गेल्यापासून तशीच भिंतीवर.

उत्तर:

ताई, तीसच्या तीस पानं वाचली, दोनदा. पहिल्यांदा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण दिवाळी अंकांच्या रहस्यकथा बरीच वर्षं तपासल्यामुळे तशीच सवय लागलीय. तर आधी मोठ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. लिहायला हवं होतं, नक्की हवं होतं, आणि आता पुरं करायलाही हवं. पण तुमची गोष्ट तुम्ही समजताय तिथे नाहीये. ती पान १९ वर आहे, दोन ओळींत, आणि तुम्ही तिच्यावरून सरळ पुढे निघून गेलात.

पान १९ वर एक फ्रेमवाला येतो. गॅलरीच्या मागच्या दाराने, हातात पक्कड, शर्टाला सरसाचे डाग, "साहेब, मागचा पुठ्ठा बदलायचाय का?" एवढंच विचारतो आणि जातो. परत येतच नाही. मी तिथे पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले, कारण माझ्या वडिलांचं गिरगावात फ्रेमचं दुकान होतं आणि मी शाळेतून आले की तिथेच बसायचे.

लोकांना वाटतं फ्रेमवाला म्हणजे चार पट्ट्या कापणारा माणूस. पण बाबांकडे जुनं चित्र आलं की ते आधी उलटं करायचे, पुढून बघायचेच नाहीत. गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून पकडीने काढायच्या, मागचा पुठ्ठा अलगद उचलायचा, आतून धूळ आणि कसर सांडायची आणि मग दिसायचा तो कागद, म्हणजे चित्र आणि पुठ्ठ्याच्या मध्ये घातलेलं जुनं वर्तमानपत्र. बाबा आधी त्याची तारीख वाचायचे. घरचे सांगायचे आजोबांच्या लग्नातलं चित्र आहे आणि आतला पेपर निघायचा त्याच्या वीस वर्षांनंतरचा, मग बाबा म्हणायचे मधे एकदा कुणीतरी उघडलेलं दिसतंय. एवढंच बोलायचे, पुढे नाही. कुणी, का उघडलं, हे विचारायचं त्यांचं काम नव्हतं. पण तुमचं आहे!

आणि एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुठे लिहिली नाही. साधारण वर्षभर एक गृहस्थ दुकानात यायचे, चांगले कपडे, बोलणं मऊ, आणि ते फक्त जुन्या रिकाम्या फ्रेमा विकत घ्यायचे. मोडक्या, वाळवी लागलेल्या, मागच्या पुठ्ठ्यासकट आणि जुन्या चुकांसकट. बाबांना बरंच वाटलं, भंगारात जाणाऱ्या मालाला पैसे मिळत होते. शेवटी एक दिवस ते म्हणाले या पुठ्ठ्यामागे माझं हे नवीन चित्र जुन्याच चुका वापरून ठोकून द्याल का, आणि बाबांचा हात थांबला. त्यांनी नाही म्हटलं. ते गृहस्थ काही न बोलता गेले आणि परत आले नाहीत. पण आधीच्या फ्रेमा तर गेल्याच होत्या ना. त्यानंतर बाबा कधी कुठल्या प्रदर्शनाला गेले की चित्रं बघायचे नाहीत, फ्रेमा बघत फिरायचे, आपली एखादी दिसते का ते. मी लहान होते, मला वाटायचं धंद्याची नजर. ती धंद्याची नजर नव्हती हे मला खूप उशिरा कळलं.

तुमच्या तीस पानांत मालक आहे, क्युरेटर आहे, परदेशातून आलेला श्रीमंत गिऱ्हाईक आहे, आणि सगळे छान इंग्रजाळलेलं बोलतात. पण ज्याच्या पोटात रात्री गोळा येतो असा माणूस एकही नाही. तो फ्रेमवाला आहे. त्याला परत आणा.

हे मी हवेतून सांगत नाहीये, खऱ्या प्रकरणांमध्येही तसंच दिसतं. मोनालिसा १९११ साली पॅरिसच्या लूव्र म्युझियममधून चोरीला गेली ती कुणी मोठ्या टोळीने नेली नव्हती, विन्चेंझो पेरुजा नावाच्या एका इटालियन कारागिराने नेली, आणि तो आधी त्याच म्युझियममध्ये चित्रांना काचा बसवायच्या कामावर होता. कामगारांचा झगा अंगात होता, सोमवारी म्युझियम बंद, कोण बघणार त्याच्याकडे? दोन वर्षं ते चित्र त्याच्या खोलीत होतं. १९१३ ला फ्लॉरेन्समध्ये विकायला गेला तेव्हा सापडला.

पण तुमच्या गोष्टीला खरं जवळचं प्रकरण आहे लंडनचं, जॉन ड्रू आणि जॉन मायट यांचं. मायट कोण होता सांगू? ड्रॉइंग टीचर! हो, तुमच्या बाबांसारखाच. बायको सोडून गेलेली, दोन लहान मुलं पदरात, म्हणून त्याने एका मासिकात जाहिरात दिली की नामवंत चित्रकारांच्या शैलीत 'अस्सल नकला' काढून देईन, दीडशे पौंडापासून पुढे. काहीच लपवलं नव्हतं. ड्रू त्याचं गिऱ्हाईक म्हणून आला, काही चित्रं घेतली, आणि मग एक दिवस सांगितलं की तुझं एक चित्र तज्ज्ञांनी अस्सल म्हणून मान्य केलंय, पैसे वाटून घ्यायचे का? त्या प्रश्नापाशी मायट थांबला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पुढे सुमारे दोनशे चित्रं झाली, आणि तीसुद्धा घराच्या भिंतींना देतात तसल्या इमल्शन रंगात, म्हणजे कुणी नीट तपासलं असतं तर लगेच कळलं असतं. कुणी तपासलं नाही, कारण ड्रूने चित्रांपेक्षा कागदांवर मेहनत घेतली होती. त्याने बड्या म्युझियमच्या संग्रहातल्या जुन्या दप्तरांमध्येच खोटे कागद आणि फोटो घुसवून ठेवले होते, म्हणजे तज्ज्ञ खात्री करायला जायचे तिथेच खोटा पुरावा त्यांची वाट बघत बसलेला. १९९९ साली शिक्षा झाली, ड्रूला सहा वर्षं, मायटला एक.

आता सांगा, ड्रॉइंग टीचरचं घर कसं असतं हे तुम्हाला कुणी शिकवायला हवंय का? कॅम्लिनच्या वाळलेल्या ट्यूब, परीक्षेच्या आधी घरी येऊन बसलेली पोरं, स्मरणचित्राला मार्क का कापले म्हणून भांडायला आलेले पालक, आणि स्वतःची चित्रं काढायला कधीच न उरलेला रविवार. कुणाच्याही शैलीत चित्र काढू शकणारा आणि ज्याच्या स्वतःच्या सहीला बाजारात शून्य किंमत आहे असा माणूस तुम्ही लहानपणापासून जवळून बघितलाय. तुमचे बाबा तसं काही करणारे नव्हते हे मला माहितीय, पत्रातून कळतंच ते, पण तो मोह कसा असेल हे तुम्ही लिहू शकता आणि लिलावात रोज जाणारा माणूस नाही लिहू शकत. म्हणून त्या जगातलं ओळखीचं कुणी नाही ही काळजी सोडा.

प्रकाशकांच्या म्हणण्याबद्दल. माहिती कापा हे त्यांचं बरोबर आहे पण कारण चुकलंय. पान ३ ते १७ तुम्ही जे. जे. स्कूलची स्थापना १८५७, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८, १९४७ चा चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, त्यात सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे, सगळं ओळीने सांगितलंय. सगळं खरं आहे, मेहनत दिसते, पण तिथे कुणी कुणाशी खोटं बोलत नाहीये. रहस्यकथेत माहितीचा तुकडा ठेवायचा तर त्याच्या आधाराने कुणीतरी फसवायला हवं, नाहीतर कुणीतरी पकडलं जायला हवं. तिसरं काही असेल तर कापा, कितीही जीव जडला असला तरी.

पकडलं जाणं कसं तेही सांगते. जर्मनीत वोल्फगांग बेल्ट्राकी नावाचा माणूस वर्षानुवर्षं नकली चित्रं विकत होता. तो चित्रांच्या नकला करायचाच नाही, जी चित्रं हरवलीयत, ज्यांची फक्त नावं जुन्या याद्यांमध्ये उरलीयत, ती 'काढायचा'. बायकोला तिच्याच आजीसारखे जुने कपडे घालून मागे भिंतीवर ती चित्रं टांगून फोटो काढला, जुन्या कागदावर, झाला घराण्याचा पुरावा तयार! आणि अडकला कशात तर पांढऱ्या रंगात. चित्र १९१४ चं म्हणून विकलेलं, सुमारे २९ लाख युरोला, आणि तपासणीत निघालं टायटॅनियम व्हाइट, जो रंग त्या काळी चित्रकारांच्या हातात आलेलाच नव्हता. त्याने झिंक व्हाइटची तयार ट्यूब वापरली होती आणि त्यात टायटॅनियम मिसळलंय हे ट्यूबवर लिहिलेलंच नव्हतं. शिवाय मागे डकवलेलं जुन्या डीलरचं लेबलही बनावट. मला यातली ट्यूब फार महत्त्वाची वाटते. एवढा हुशार माणूस, आणि एका लेबलवर न लिहिलेल्या शब्दाने तुरुंगात गेला. अशी एक ट्यूब तुमच्या कादंबरीत हवी. एकच. आणि ती पहिल्या पन्नास पानांत वाचकाच्या डोळ्यासमोर पडलेली हवी, म्हणजे शेवटी त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही.

तुमच्या इन्स्पेक्टरला तज्ज्ञबाई सांगतात "हे नकली आहे" आणि तो विश्वास ठेवतो, हे मला फार पटपट झालं. माणसं चित्राला खरं का मानतात यावर थांबा ना थोडं. हॉलंडमध्ये हान व्हान मेगरेनने व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराच्या नावाने एक धार्मिक चित्र बनवलं, रंगात बेकलाइटसारखा पदार्थ घालून भट्टीत भाजलं म्हणजे रंग दगडासारखा टणक व्हावा, आणि १९३७ साली ब्रेडियस या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जाणकाराने ते अस्सल ठरवलं. ब्रेडियसना काही कळत नव्हतं असं कुणीही म्हणणार नाही. पण त्यांचं वय ८२ होतं आणि व्हर्मीरचा असा एखादा धार्मिक काळ असणार असं जाणकारांना आधीपासून वाटत होतं, आणि एके दिवशी नेमकं तसंच चित्र समोर आलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात उभं राहिलं की माणूस मागचा पुठ्ठा उचलत नाही. तुमच्या तज्ज्ञबाईंना अशी एखादी वाट बघणं द्या, मग त्यांचं चुकणं वाचकाच्या काळजाला लागेल.

आता खऱ्या चित्रकाराचं नाव. गायतोंडे नकोत, असं माझं स्पष्ट मत. एक तर २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं चित्र २३.७ कोटींना गेलं आणि तेव्हापासून नकली चित्राची गोष्ट म्हटलं की पहिलं तेच नाव सगळ्यांना सुचतं. दुसरं म्हणजे रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवत, मधे कितीतरी दिवस नुसतं बघत बसणारा तो माणूस, मोजकीच चित्रं करणारा, त्यांचं चित्र कुणी कसं नकली बनवेल हे दाखवायला तुम्हाला तेवढंच खोल जावं लागेल, आणि तुमच्या पानांत ते फक्त एक महागडं नाव म्हणून आलेत. ते मला खटकलं. तिसरं म्हणजे खरा चित्रकार असला की त्याचे जाणकार, घरचे, संग्राहक सगळे खरे असतात आणि तुमची पात्रं त्यांच्या अंगावर जाऊन पडतात, उगाच कुणालातरी वाटणार आपल्यालाच खुनी केलंय.

स्वतःचा चित्रकार तयार करा. तुमच्याच भागातला, कोल्हापूर-सांगलीकडचा. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या पुढच्या पिढीतला, जे. जे. ला जाऊन आलेला, लवकर गेलेला, चित्रं माळ्यावर पडलेली आणि आता अचानक भाव आलेला. आपल्याकडे बहुतेक चित्रकारांच्या सगळ्या चित्रांची पक्की यादी कुणी केलेलीच नसते, मग अस्सल आहे असं लिहून कोण देणार तर मुलगा, पुतण्या, सून. भाऊबंदकी, शेतजमिनीची वाटणी आणि त्यात हे सर्टिफिकेट! यासारखा मराठी खून दुसरा सापडायचा नाही. आणि खुद्द चित्रकार जिवंत असूनही काय होतं बघा, २००९ साली ८६ वर्षांचे रझा दिल्लीत आपल्याच जुन्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीतच हे त्यांना तिथे उभं राहून कळलं. त्या क्षणी त्या हॉलमध्ये काय शांतता पसरली असेल याचा विचार मी अजून करते. तुमच्या उद्घाटनाच्या सीनला तशी शांतता मिळाली तर खून नंतर झाला तरी चालेल.

एक धागा देऊन ठेवते, पटला तर घ्या. सगळ्या गोष्टींत नकली चित्र अस्सल म्हणून खपवतात. उलटं केलं तर? १९७२ च्या कायद्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय वगैरे नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. म्हणजे अस्सल रविवर्मा बाहेर काढायचा असेल तर तो नकली आहे, साधं छापील चित्र आहे असंच भासवावं लागेल. आणि रविवर्म्याची छापील चित्रं तर घरोघरी होती, मळवलीला त्यांचा छापखानाच होता, भिंगाखाली धरलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. पण काचेआड टांगलेल्या चित्राला भिंग लावतो कोण? आपल्याकडे तर कुठलंही जुनं सुंदर चित्र रविवर्म्याचंच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती हातात दिवा धरलेली बाई आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांची, आणि १९०६ ला वारलेल्या रविवर्म्याच्या नावावर लोक ती सर्रास सांगतात, कुणी फसवलेलं नसताना.

लिलाव बघितला नाही म्हणालात. लिलावाआधी चित्रं मांडतात ती बघायला सहसा कुणीही जाऊ शकतं, आणि कॅटलॉग नेटवर फुकट असतात. त्यात चित्राखाली आधीच्या मालकांची यादी असते ती वाचा, कुठे मधली तीस वर्षं गायब आहेत ते शोधा, त्या रिकाम्या जागेत तुमचं एक प्रकरण बसेल. मुंबईला याल तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीत उद्घाटनाला नका जाऊ, प्रदर्शन उतरवतात त्या संध्याकाळी जा. बबल रॅप, सुतळी, खाली उभा टेम्पो, न विकली गेलेली चित्रं परत घेऊन जाणारा चित्रकार आणि त्याची बायको. आणि तुमच्या जवळच सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी म्युझियम आहे, पंतप्रतिनिधींनी जमवलेलं, तिथे हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं शिल्प आहे हे किती लोकांना माहितीय? एक पूर्ण दिवस काढा, टिपणं घेऊ नका, फक्त तिथल्या पहारेकऱ्याशी बोला.

बारीकसारीक: तुमचा इन्स्पेक्टर ३०२ आणि ४२० म्हणतो पण गोष्ट २०२५ मध्ये घडते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, खुनाला १०३ आणि फसवणुकीला ३१८. रिटायर्ड माणूस सवयीने ३०२ म्हणेल आणि ठाण्यातली तरुण पीएसआय त्याला दुरुस्त करेल, दोन वाक्यांत दोघंही उभे राहतील. पान २२ वरचं विष काढून टाका, गरज नाही.

आणि खून पहिल्या पानावर? नको. पहिल्या पानावर फ्रेमवाल्याला बसवा, मागचा पुठ्ठा उचलताना, आणि आतल्या पेपरची तारीख वाचून त्याचा हात थांबू दे. तारीख वाचकाला सांगू नका.

पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय की बाबांची अकरा जलरंग चित्रं घरात आहेत, फ्रेम केलेली, ते गेल्यापासून तशीच भिंतीवर. त्यातलं एक आज रात्री उतरवा आणि टेबलावर जुनी चादर घालून त्यावर उलटं ठेवा. काही उपटायची घाई करू नका. आधी मागच्या बाजूचा फोटो काढा, कुठे काही लिहिलंय का, कुठल्या दुकानाचा शिक्का आहे का, चुका एकसारख्या आहेत की एखादी नंतरची वाटतेय. मग पुठ्ठा उचला, आतला पेपर निघाला तर घडी न मोडता तारीख बघा, आणि काय निघालं ते मला कळवा, पुढच्या तीस पानांबरोबर.